वाळवंटातल्या बर्फगाडीचा दिवा

दुबईला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात, "सोनं किती आणलं?" मी सोनं आणलं नाही. खजूरही आणले नाहीत, कारण ते मंडईत मिळतात. मी तिथे तीन आठवडे राहिले आणि एका गाडीचा दिवा लावून आले. ती गाडी बर्फावर चालते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो आणि विषय बदलतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना दुबई पाहायची आहे त्यांनी जरूर जावं. माझी हरकत नाही आणि शिफारसही नाही.

निमित्त अधिक महिन्याचं होतं. २०१० साली वैशाख अधिक आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे आणि सोबत दिवा. माझी लेक मंजिरी, जावई समीरराव आणि आठ वर्षांची नात इरा दुबईत राहतात. माझे यजमान गेल्यापासून पुण्याच्या घरात मी एकटीच. एकट्या बाईने जावयाला वाण द्यावं की नाही यावर आमच्या सोसायटीत दोन मतं होती, ती दोन्ही मी ऐकली नाहीत. चांदीचं निरांजन घेतलं, अनारशाचं पीठ भिजवलं, आणि मंजिरीचा फोन आला.

"आई, अनारशांना खसखस लावू नकोस. एक दाणासुद्धा आणू नकोस. इथे खसखस म्हणजे ड्रग्ज. लोक जेलमध्ये गेलेत."

ज्या देशात खसखस गुन्हा आहे त्या देशात माझी मुलगी संसार करते, हे मला तिच्या लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. मी अनारशांना तीळ लावले. तिळाचा अनारसा खाऊन बघा, म्हणजे माझा मूड कसा होता ते कळेल.

ऊद मेथा

विमानतळाचं वर्णन करत नाही. चकचकीत होता. बाहेर पडल्यावर अंगावर आलेल्या गरम हवेचंही करत नाही, कारण दुबईहून आलेला प्रत्येक जण तेच सांगतो.

मंजिरीचं घर ऊद मेथात, इराच्या शाळेपासून चालत जाण्यासारखं. चालत मात्र कुणी जात नाही. पाच मिनिटांच्या वाटेला गाडी काढतात आणि पार्किंग शोधायला पंधरा मिनिटं घालवतात. इमारतीखालच्या वाळूच्या मोकळ्या जागेत दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यावर धुळीचा इतका थर होता की मूळ रंग सांगता येईना. मी विचारलं तेव्हा समीरराव म्हणाले, "आई, त्या सोडून गेलेल्या आहेत. क्रायसिसमध्ये लोकांचे जॉब गेले, लोनचे हप्ते थकले, रात्रीतून विमान पकडलं. आता कमी झाल्यात, मागच्या वर्षी फार होत्या." हे ते अशा सुरात म्हणाले की जणू डासांबद्दल बोलत आहेत.

दूरवर अर्धवट इमारती दिसत होत्या. क्रेन जागच्या जागी थांबलेल्या. पुण्यात एखादं बांधकाम बंद पडलं तर निदान तिथे वॉचमनची बायको कपडे वाळत घालते. इथे तेवढीसुद्धा जाग नव्हती. आणि या सगळ्यात जगातली सर्वांत उंच इमारत मात्र पूर्ण करून उद्घाटन उरकलेलं. खालचे लोक गेले तरी वर दिवे लागलेच पाहिजेत, असा एकूण कारभार.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मंजिरीने खरी गोष्ट सांगितली. समीरराव एका मोठ्या मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहेत. तिथे दोन इंजिनिअर होते आणि महिनाअखेरीनंतर एकच ठेवणार होते. हेड ऑफिसने खर्चकपातीच्या आणि पर्यावरणाच्या नावाखाली फतवा काढला होता की हॉलमधला प्रत्येक दिवा एलईडी करा. बाकी सगळे दिवे झाले. समीररावांकडे उरला होता तो बर्फावर चालणाऱ्या गाडीचा हेडलाइट, आणि तो काही केल्या नीट लागत नव्हता.

"नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर जॉब जाणार, आई. जॉब गेला की व्हिसा खलास. इराची शाळा, घर, सगळं. महिन्याभरात निघायचं."

"निघून कुठे जाणार?"

"पुण्यालाच. दुसरं कुठे?"

मी कोथिंबीर निवडत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका की मी देठसुद्धा पातेल्यात टाकले.

बर्फाचा मॉल

शुक्रवारची सुट्टी होती तरी समीररावांना कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही सगळेच गेलो. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं, आणि आत दुकानांच्या रांगेच्या टोकाला काचेपलीकडे बर्फाचा डोंगर. लोक काचेला नाक लावून बघत होते. आत जायचं तर भाड्याचा कोट, भाड्याचे बूट. कोटाला आधीच्या माणसाच्या अत्तराचा वास येत होता.

"आजी, इट्स रिअल स्नो!" इरा म्हणाली.

"खरा बर्फ आकाशातून पडतो," मी म्हटलं.

"दिस वन ऑल्सो फॉल्स. फ्रॉम द मशीन."

तिचं बरोबर होतं. छताला तोफांसारखी यंत्रं होती आणि त्यांतून बर्फ पडत होता. तिथे एक अरब कुटुंब बर्फात चटई टाकून थर्मासातला चहा पीत बसलं होतं. त्या बायकांचं मला कौतुक वाटलं. जिथे बसायला मिळेल तिथे डबा उघडायचा, ही रीत आपली आणि त्यांची सारखीच. त्यातल्या एकीने मला छोट्या पेल्यात चहा दिला. वेलदोड्याचा होता, आणि त्या हॉलमध्ये मला आवडलेली ती एकमेव गोष्ट.

मग समीररावांनी गाडी दाखवली. तिला स्नोमोबिल म्हणतात. पुढे दोन पट्ट्या, घसरण्यासाठी. मागे रबराचा रुंद पट्टा, तो फिरतो आणि गाडी पुढे जाते. बसायचं स्कूटरसारखं, हँडलही तसंच. कुणी डोंगरावर पडला, पाय मुरगळला, तर त्याला खाली आणायला ती वापरतात. तोंडाला दोन हेडलाइट.

मी वर पाहिलं. छताला एवढे प्रखर दिवे होते की सुई पडली तरी सापडली असती. "समीरराव, इथे हेडलाइट लागतो कशाला?"

"लागत नाही, आई. पण लिस्टमध्ये आहे."

बाहेरच्या उन्हाला हरवून एवढ्या मोठ्या जागेत रात्रंदिवस बर्फ गोठवत ठेवायचा, आणि वीज वाचवायची ती कुठे, तर भर उजेडात फिरणाऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये! हे ज्याला सुचलं त्याला बढती मिळाली असणार.

समीररावांनी सीटजवळची दोरी खेचून इंजिन सुरू केलं. एलईडी लागला, पण नीट नाही. गाडी जागेवर धडधडत होती आणि दिवा पापण्या फडफडाव्यात तसा मिचमिचत होता. त्यांनी रेस केली तसा तो थोडा स्थिर झाला. रेस सोडली की पुन्हा मिचमिच. "हा तिसरा बल्ब," ते म्हणाले. "दोन तर मेलेच. व्होल्टेज परफेक्ट आहे. कनेक्टर बदलले, वायर बदलली. हे बघा, बारा." हातमोज्यातल्या हाताने त्यांनी मीटर पुढे केला. पडद्यावर बारा होते. बाराच्या शेजारी एक बारीक नागमोडी रेघ होती.

मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात उभा जन्म शिकवलं. ती नागमोडी रेघ म्हणजे एसी, उलटसुलट वाहणारा प्रवाह. दोरी ओढून सुरू होणारी गाडी, म्हणजे बॅटरी नाही. बॅटरी नाही, म्हणजे दिवा थेट इंजिनच्या मॅग्नेटोवर, इंजिन फिरेल तशी वीज देणाऱ्या छोट्या जनित्रावर. आपल्या जुन्या स्कूटरचा हेडलाइट तसाच असे. साध्या बल्बला प्रवाह उलटा काय नि सुलटा काय, तार तापली की झालं. एलईडीला मात्र प्रवाह एकाच दिशेने लागतो. उलटा आला की तो विझतो, आणि फार वेळा आला की मरतो. मध्ये रेक्टिफायर घालायचा, म्हणजे उलटा प्रवाह सुलटा करणारा तुकडा, आणि चढउतार भरून काढायला एक कपॅसिटर. दुसऱ्या वर्षाच्या पोराचं प्रॅक्टिकल!

समीरराव शिकलेले आहेत, पण बर्फ आणि थंडीचं यंत्र हा त्यांचा विषय. ते मोठे झाले वडिलांच्या मोटारीत. त्यांनी मॅग्नेटोच्या स्कूटरवर संध्याकाळी सिग्नलला कधी पाय टेकलेला नाही.

मी तोंड उघडलं. मग मला पुण्याच्या घरातली रिकामी मागची खोली आठवली, आणि मी म्हटलं, "अरे वा. छान आहे हो गाडी."

देरा

पुढचे चार दिवस मी अतिशय सभ्य बाई होते.

जावयाच्या कामात सासूने नाक खुपसू नये, ही आपली जुनी रीत. मी तिच्यामागे दडून बसले. समीरराव जेवताना गप्प असायचे तर मी त्यांना आग्रह करून पोळी वाढायचे. दुपारी ते नसताना मी शेजारच्या लेल्यांना पुण्याला फोन केला आणि मागच्या खोलीला रंग लावून घ्यायला सांगितलं. पिवळा, इराला आवडतो म्हणून. कोपऱ्यावरच्या शाळेत मधल्या वर्गात प्रवेश मिळतो का, तेही विचारायला सांगितलं. माझा विचार पक्का होता. काचेआडच्या डोंगरावर पोरीला वाढवण्यापेक्षा तिने आपल्या टेकडीवर गुडघे फोडून घेतलेले बरे.

एक दिवस समीरराव नवीन बल्ब आणायला देऱ्याला, खाडीपलीकडच्या जुन्या बाजारात निघाले आणि मला फिरवायला म्हणून सोबत घेतलं. खाडी आम्ही अब्राने ओलांडली. अब्रा म्हणजे लाकडी होडी, माणशी एक दिरहम. सगळ्या दुबईत मला मनापासून आवडली ती ही खाडी. गलबतांवर फ्रीज, टायर, कांद्याची पोती चढत होती, माणसं एकमेकांवर ओरडत होती. त्या गोंगाटात मला बरं वाटलं.

विजेच्या सामानाच्या गल्लीत एका गुजराती दुकानदाराने बल्ब काउंटरवर ठेवला. "टॉप क्वालिटी. वन एटी."

"एकशे ऐंशी दिरहम, म्हणजे बावीसशे रुपये," समीरराव माझ्यासाठी मोठ्याने म्हणाले.

"शेठ, ये बर्फ की गाडी में चलेगा?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"बारा वोल्ट मतलब बारा वोल्ट, भाईसाब. गाडी हो, स्कूटर हो, रॉकेट हो. लगाओ और भूल जाओ, इन्शाल्ला."

एवढा मूर्खपणा एका दमात ऐकण्याची माझी सवय नाही. वर्गात मी असल्या उत्तराला बाकावर उभं केलं असतं. जीभ चावली आणि बाहेर येऊन सोन्याची दुकानं बघितली. एका काचेत नुसता सोन्याचा झगा होता. तो घालून बाई बसेल कशी, याचा विचार करणाऱ्याने केलेला दिसत नव्हता.

तो चौथा बल्ब दुसऱ्या दिवशी गेला. समीररावांनी तो संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले. इराने विचारलं, "बाबा, आर वी मूव्हिंग टु पुणे?" ते परत येऊन भात कालवायला लागले. मी म्हटलं, "समीरराव, आमटी गरम आहे, घ्या ना अजून थोडी."

मंजिरीने भाताचा डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

भांडी आवरताना तिने ओट्यापाशी मला गाठलं. "आई, तुझं काय चाललंय?"

"कुठे काय?"

"तू समीरशी इतकं गोड कधी बोलली आहेस? आमच्या लग्नात मांडवातला फ्यूज त्याला बसवता आला नाही तर सगळ्या वऱ्हाडासमोर त्याला 'बाजूला व्हा' म्हणाली होतीस."

"जावयाचा मान असतो."

"तेव्हा कुठे गेला होता मान?" तिचा आवाज हलका होता. "त्या दिवशी तो दिवा मिचमिचत होता ना, मला लगेच आपली स्कूटर आठवली. मी पुढे उभी असायचे. सिग्नलला दिवा मंदावला की ओरडायचे, 'आई, दिवा!' आणि तू रेस करायचीस. मी बी.कॉम. झालेली, मला आठवलं. आणि तुला आठवलं नाही? तुला पहिल्याच दिवशी कळलंय."

मी नळ बंद केला. खोटं बोलायचं तर आता बोलायला हवं होतं, आणि ते जमेना. "परत आलात तर काय वाईट आहे गं?" मी म्हटलं. "घर आहे. मी आहे. खोलीला रंगसुद्धा लावायला सांगितलाय."

मंजिरीने हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. रंगाचं तिला माहीत नव्हतं. मग म्हणाली, "आम्हाला यायचं असेल तेव्हा आम्ही येऊ, आई. इथून हाकलल्यासारखं नाही यायचं. तो तुझ्या घरात रोज तुझ्यासमोर हरलेला माणूस म्हणून जेवायला बसेल. तुला ते चालेल?"

मला राग आला. तिचा नाही. तिने माझ्या मनातलं जे बोलून दाखवलं, त्यातला शेवटचा भाग मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते, त्याचा. कारण खरंच, ते मला चाललं असतं.

रास अल खोर

सकाळी समीरराव बूट घालत होते. मी म्हटलं, "मीटर आणा इकडे. त्या दिवशी बाराच्या शेजारी होती ती ही वाकडी रेघ बघा. एसी आहे तो. गाडीला बॅटरी नाही. तुम्ही एलईडीला एसी पाजताय."

त्यांनी मीटर हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला कधी कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, तेही फुकट गेलं. "रेक्टिफायर लागेल," ते म्हणाले. "रास अल खोरला महमूदभाईकडे मिळेल. यल्ला, चला, आई."

रास अल खोर म्हणजे पत्र्याच्या शेड, गोदामं आणि गॅरेज. मॉलच्या जाहिरातीत ही दुबई दाखवत नाहीत. ज्याला काम म्हणतात ते तिथे चालतं, म्हणून असेल. महमूदभाई दापोलीकडचे, गाड्यांच्या लायटीचं काम करणारे, आवाज गावच्या खालून वरपर्यंत पोचेल असा.

"पुन्याच्या काय? या, या. आमच्याकडं रॉल्सची लाईट होते, उंटाच्या गाडीची होते, तुमच्या बर्फाची का नाय होनार?" त्यांनी आधी कडक चहा मागवला. शेंगदाण्याची चटणी लावलेला पराठा मागवला. ते आल्यावर, खाल्ल्यावर, दापोलीच्या आमदाराला शिव्या देऊन झाल्यावर एका मोडक्या मोटरसायकलचा रेक्टिफायर काढला. समीररावांनी वाटेत मॉलमधून गाडीचा हेडलाइट काढून घेतला होता, आणि दोन नवे बल्बही. टेबलावर एसीचा पुरवठा जोडून आम्ही बसलो.

मी कपॅसिटर लावला, दोन तारा बल्बकडे नेल्या. मी चष्मा पुसत होते तेवढ्यात महमूदभाईंनी निगेटिव्हची तार उचलून सवयीने टेबलाच्या लोखंडाला लावली, जिथे पुरवठ्याचं एक टोक आधीच जोडलेलं होतं. मोटारीच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनची हीच सवय, अर्थिंग म्हणजे गाडीची बॉडी. चट्ट आवाज झाला आणि रेक्टिफायरमधून धूर निघाला.

"बॉडीला लावायची नाही!" मी ओरडले. "एसीचं एक टोक बॉडीला आहे. दोन्ही तारा बल्बपर्यंत वेगळ्या न्यायच्या, बॉडीला शिवायचंसुद्धा नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पंचवीस वरसं बॉडीलाच लावतो, काकी," महमूदभाई जराही न लाजता म्हणाले. "एकपन गाडी बोलली नाय." आणि दुसरा रेक्टिफायर शोधायला गेले.

समीरराव हसत होते. मी आल्यापासून पहिल्यांदा. "आता बरं वाटलं," ते म्हणाले. "तुम्ही ओरडत नव्हतात तर मला वाटलं तुमची तब्येत बिघडलीय."

दुसरा रेक्टिफायर नीट लागला. दिवा लागला, पांढरा, स्थिर. महमूदभाईंनी स्वतःलाच शाबासकी दिली.

पुन्हा बर्फात

दुसऱ्या दिवशी हॉल उघडण्याआधी त्यांचा आयरिश साहेब दिवा बघायला येणार होता. आम्ही सकाळी लवकर पोचलो. समीररावांनी मला सल्लागार म्हणून आत नेलं. माझ्या गळ्यात पास, अंगात तोच भाड्याचा कोट, आत साडीवर स्वेटर.

दोन्ही दिवे लागले. गाडी जागेवर धडधडली तरी मिचमिच नाही. मी मनात स्वतःचं कौतुक करून घेतलं. समीरराव वर गेले, तोफांखालून फिरून खाली आले. आणि दिवे गेलेले! जवळ जाऊन बघितलं तर दिवे चालू होते, पण काचेवर बर्फाचा पांढरा थर बसला होता.

हे मात्र माझ्या पुस्तकात नव्हतं. जुना बल्ब भाजण्याइतका तापायचा, त्यामुळे काचेवर बर्फ टिकायचाच नाही. एलईडी पुढून गार. पुण्यात कुणाच्या हेडलाइटवर बर्फ साचतो? मी काच रुमालाने पुसली. समीरराव पुन्हा वर जाऊन आले. पुन्हा पांढरी. साहेब यायला थोडाच वेळ राहिला होता, आणि मला काहीही सुचत नव्हतं. आदल्या आठवड्यात मला जे हवं होतं ते आता आयतं होत होतं, आणि मी मात्र कोटाच्या बाहीने काच घासत होते.

"आई, राहू द्या," समीरराव म्हणाले. "फ्रॉस्ट माझ्यावर सोडा."

ते पळत स्टोअरमध्ये गेले. या गाड्यांच्या हँडलच्या मुठीत हात गरम ठेवायला पातळ पट्ट्या असतात, विजेवर तापणाऱ्या. त्यातल्या दोन सुट्या पट्ट्या ते घेऊन आले. "आमच्या शीतगृहाच्या दारांना चौकटीत असेच हीटर असतात, नाहीतर दार गोठून बसतं. ही पट्टी एसीवर चालते ना?"

"चालते. तापायचंच काम आहे, तिला दिशेचं काय? रेक्टिफायरच्या अलीकडून तार घ्या."

त्यांनी काचेच्या कडेने आतून पट्ट्या चिकटवल्या. मी तारा जोडल्या. बोटं बधिर झाली होती, दोनदा स्क्रू बर्फात पडला आणि दोन्ही वेळा त्यांनीच शोधला. इंजिन सुरू केलं. बर्फाचा थर कडेने ओला झाला, मग घसरून पडला, आणि आतून दिवा दिसला. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जावयाच्या पाठीवर थाप मारायची नसते, पण मारली.

साहेब आला, दिवा बघितला, "ब्रिलियंट" म्हणाला, आणि फोनवर फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला. हिशेब माझा मनातल्या मनात झाला होता. एलईडीने जी वीज वाचवली तिच्यातली बरीचशी पट्टीने खाल्ली. दिव्याने तापून वीज खाऊ नये म्हणून एलईडी, आणि तो गार पडला म्हणून त्याला हीटर. ज्या शहरात उन्हाळ्यात कोट भाड्याने मिळतो तिथे हे शोभून दिसलं. मी साहेबाला काही बोलले नाही.

ऊद मेथा, शेवटचे दिवस

महिनाअखेरीला समीररावांची नोकरी राहिली. दुसरा इंजिनिअर केरळचा होता, तो गेला. त्याच्या बायकोने जाताना मंजिरीला कढीपत्त्याची कुंडी आणून दिली. दोघी दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणायचं मंजिरीला सुचलं नाही. नंतर ती बाल्कनीत कुंडीपाशी बराच वेळ बसली होती. माझ्या दिव्याने एक घर राहिलं आणि एक उठलं, हे तेव्हा डोक्यात शिरलं, आणि अजून निघालेलं नाही.

अधिक संपायच्या आत मी वाण दिलं. लेक-जावयांना पाटावर बसवलं, ताटात तिळाचे अनारसे आणि चांदीचं निरांजन. अनारसे प्रवासात मऊ पडले होते.

"आजी, व्हाय डू वी गिव्ह बाबा अ लॅम्प?" इराने विचारलं.

"रीत आहे," मी म्हटलं.

"बट यू ऑलरेडी गेव्ह हिम वन."

समीरराव वाकून पाया पडले. मी काय बोलणार होते ते विसरले. नुसतं म्हटलं, "सुखी राहा. इथेच राहा." शेवटचे दोन शब्द बोलायला मला फार जड गेलं.

पुणे

लेल्यांनी काम चोख करून घेतलं होतं. मागची खोली पिवळीधमक, नव्या रंगाचा वास अजून येत होता. शाळेचंही त्यांनी विचारलं होतं, जागा होती. मी त्यांचे आभार मानले आणि खोलीची खिडकी उघडी ठेवून दार लावून घेतलं.

सामानात मला एक पुडी सापडली. त्या दिवशी चहा पिताना मी माझ्या स्कूटरबद्दल बोलले होते, तिच्यासाठी महमूदभाईंनी एक जास्तीचा रेक्टिफायर गुपचूप माझ्या पिशवीत सरकवला होता. माझी स्कूटर जुनी आहे आणि तिचा दिवा अजून मॅग्नेटोवरच चालतो. तास-दीड तासाचं काम. दिवा सिग्नलला मिचमिचणार नाही, मंदावणार नाही. रेक्टिफायर मी फडताळात ठेवला आहे.

परवा संध्याकाळी मंडईतून येताना सिग्नल लागला. पाय टेकला, इंजिन हळू झालं आणि दिवा मंद होत गेला. मी रेस केली नाही. पुढे मंजिरी उभी राहायची तिथे आता भाजीची पिशवी होती. दिवा जवळजवळ विझत आला तरी मी तशीच थांबले, कुणीतरी ओरडेल म्हणून.